फोन काढून घेण्याआधी मुलांना गल्लीत काम द्या

डिसेंबर २०२१. बेंगळुरूच्या सदाशिवनगरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरू लागला. बेंगळुरू बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरी त्या रात्री बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, सरकारी गाड्या फुटल्या आणि अनगोळमध्ये कर्नाटकाचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. शहरात जमावबंदी लागली, तरुणांची धरपकड झाली. दीड वर्षानं, जून २०२३ मध्ये, काही जणांनी ठेवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं आणि इंटरनेट बंद करावं लागलं. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे रोज येण्याजाण्यातलं गाव.

या घटना टोकाच्या आहेत. आपल्या घरात रोज जे घडतं त्याचा असा गाजावाजा होत नाही. नववी-दहावीतला मुलगा सोफ्यावर पडून, कधीच न भेटलेल्या माणसाशी कमेंटमध्ये भांडत असतो. समोरच्या घरातल्या काकांना रात्री दवाखान्यात नेलं, हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं. त्याला आपल्या समाजाबद्दल काहीच वाटत नाही, असं नाही. उलट खूप वाटतं. पण त्याचा समाज आता पडद्यावर आहे, आणि तिथं त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

आपण कुठले, कुणाचे, हे माणसाला नुसतं बोलून कळत नाही. आपण गेलो नाही तर काम खोळंबतं, हे दिसलं की कळतं. म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे: मुलाच्या हातातला फोन कमी करायचा असेल, तर आधी त्या हाताला चार माणसांत काम द्या.

सीमाभागातलं सोळावं वर्ष

हे वय सगळीकडेच नाजूक असतं. पण बेळगाव-निपाणीच्या मराठी मुलाला या वयात आणखी एक धक्का बसतो. दहावीपर्यंत तो मराठी शाळेत असतो, कन्नड विषय सक्तीचा असतो आणि परीक्षा कर्नाटक बोर्डाची असते. दहावी झाली की वर्ग फुटतो. काही जण इंग्रजी माध्यमाच्या पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात जातात. निपाणीची बरीच मुलं हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात. कॉलेज निपाणीला लागून आहे, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कुणी गडहिंग्लजला जातो, कुणी कोल्हापूरला, कुणी आयटीआयला. दहा वर्षं एका बाकावर बसलेली पोरं एका जून महिन्यात दोन राज्यांत विखुरतात.

नव्या वर्गात भाषा वेगळी, ओळखी नाहीत आणि इंग्रजी बोलताना जीभ अडखळते. अशा वेळी दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाच मुलाचा आधार असतो. ‘अभ्यास सोडून काय बघत बसलायस?’ म्हणून फोनच काढून घेतला, तर त्याचं शेवटचं माहेर आपणच मोडतो. म्हणून सगळ्या फोनला एकच शिक्षा लावू नका. ज्या ग्रुपमधली मुलं एकमेकांना भेटतात, तो ग्रुप टिकू द्या. शक्य असेल तर त्या मुलांना महिन्यातून एकदा तुमच्या घरी बोलवा. पोहे आणि चहा एवढा खर्च पुरतो.

फोनमुळे खरी जवळीकही वाढते, हे आपण अनुभवलं आहे. २०१९ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि बेळगाव-कोल्हापूर वाटच तुटली. त्या दिवसांत कुठं पाणी चढलंय, कुठं माणसं अडकलीत, कुठं जेवणाची पाकिटं हवीत, हे लोकांनी एकमेकांना फोनवरूनच कळवलं. त्या निरोपांच्या शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी दारात पोचत होतं, म्हणून ते निरोप उपयोगाचे ठरले.

पडद्यावर काय होतं

पहिलं, रील कोणती दाखवायची हे मुलगा ठरवत नाही, कंपनीची यंत्रणा ठरवते. मुलाचं बोट कुठं थांबतं, कुठं तो कमेंट करतो, काय पुढं पाठवतो, हे ती बघते आणि तशाच गोष्टी आणखी दाखवते. राग माणसाला थांबवतो, त्यामुळे रागाच्या रीलला पुढची रांग मिळते. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या सीमाप्रश्नाचं हेच झालं आहे. बसमधलं एखादं भांडण, पाटीवरचा काळा रंग, कुणाच्या भाषणाचे वीस सेकंद, हे सगळं दिवसाला दहा वेळा समोर येतं. त्याच बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोंकणी बोलणारी पोरं एका मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळतात. त्याची रील कुणी करत नाही आणि केली तरी चालत नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये रंगवलेले रावसाहेब याच बेळगावचे. मराठीत कन्नड मिसळून बोलणारा असा माणूस आजही प्रत्येक गल्लीत भेटेल. फक्त फोनमध्ये तो दिसत नाही.

दुसरं, ग्रुपमधून काढणं. वर्गातल्या आठ जणींनी नवा ग्रुप केला आणि नवव्या मुलीला घेतलं नाही, तर ते वाळीत टाकणंच असतं. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटतं. मुलीला शाळेत पाऊल टाकवत नाही.

तिसरं, वापर. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर शिकण्यासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे शहरातलीच मुलं बिघडलीत आणि आमचं खेडं बरं, हा समज सोडून द्या.

आधी हे पाच प्रश्न विचारा

रोज किती तास फोन, एवढं मोजून पुरत नाही. मुलाशी भांडण न काढता, सहज बोलता बोलता पुढच्या गोष्टी काढून घ्या.

१. ज्यांच्याशी तो फोनवर सर्वांत जास्त बोलतो, त्यांतले किती जण गेल्या महिन्यात त्याला प्रत्यक्ष भेटले?

२. रात्री गाडी पंक्चर झाली, तर घरच्यांशिवाय तो कुणाला फोन करेल? नाव पटकन आलं तर ठीक. ‘कुणालाच नाही’ असं उत्तर आलं, तर मनावर घ्या.

३. फोन खाली ठेवल्यावर त्याचा चेहरा कसा असतो? मित्राशी बोलून हसत उठला, ही एक गोष्ट. तासभर रील बघून चिडचिडा होऊन उठला, ही दुसरी.

४. गल्लीत, तालमीत, मंडळात किंवा शाळेत असं एखादं काम आहे का, जे तो गेला नाही तर अडेल?

५. कन्नड किंवा उर्दू बोलणारा एक तरी मित्र त्याच्या घरी जातो-येतो का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्यात मुलाचा दोष कमी आणि आपला जास्त. ती जागा आपण रिकामी ठेवली, म्हणून फोननं भरली.

घरात: एकट्याचा फोन बंद करू नका

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. पुढं अशी पद्धत इतर गावांनीही घेतली. अगदी बेळगावजवळच्या हलगा गावातही डिसेंबर २०२५ मध्ये संध्याकाळचा भोंगा सुरू झाला.

या पद्धतीतली खरी गोम भोंग्यात नाही. गावातले सगळे फोन एकदम बंद होतात, म्हणून कुणाचंच काही हुकत नाही. एकाच मुलाचा फोन काढून घेतला की बाकीचे आत बोलत राहतात आणि तो बाहेर पडतो. त्याच्या दृष्टीनं आपण त्याला वाळीत टाकलेलं असतं. म्हणून:

• तुमच्या मुलाचे जे चार जवळचे मित्र आहेत, त्यांच्या आई-वडिलांशी बोला. पाच घरांनी मिळून एक वेळ ठरवा. संध्याकाळी सात ते साडेआठ, किंवा रात्री साडेनऊनंतर. पाच घरं हेसुद्धा एक छोटं गावच आहे.

• नियम मोठ्यांनाही लागू. बाबा बातम्या बघतायत आणि आई ग्रुपवर आहे, तर मुलगा ऐकणार नाही, आणि त्यानं ऐकावं असं म्हणण्याचा आपल्याला हक्कही नाही.

• रात्री सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ, चार्जिंगला लावा. झोपायच्या खोलीत फोन नको. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ आणा.

• इन्स्टाग्रामवर मुलाचं जन्मवर्ष खरं टाकलंय का बघा. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना वेगळं खातं मिळतं. ते आपोआप खाजगी असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही, साठ मिनिटांनी आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. वय खोटं टाकलं की यातलं काहीच लागू होत नाही.

• पासवर्ड मागून चोरून चॅट वाचू नका. एकदा पकडले गेलात की मुलगा दुसरं खातं उघडतो आणि ते तुम्हाला कधीच सापडत नाही.

गल्लीत: नुसतं ‘ये की रे’ पुरत नाही

‘मंडळात येत जा की रे’ म्हटलं की पोरगं एक दिवस येतं, कोपऱ्यात उभं राहतं, फोन काढतं आणि परत जातं. मोठे सगळं स्वतः करतात आणि पोरांना फक्त खुर्च्या उचलायला सांगतात. डॉल्बीसमोर नाचून रील काढणं, एवढाच भाग मग त्यांच्या वाट्याला उरतो. हे बदलणं आपल्या हातात आहे, कारण जागा तयार आहेत.

दिवाळीचे किल्ले घ्या. बेळगावात गल्लोगल्ली मातीचे किल्ले आजही होतात. या वर्षी मोठ्यांनी फक्त माती आणायला मदत करावी. कुठला किल्ला करायचा, नकाशा कुठून मिळवायचा, तटबंदी कशी, येणाऱ्यांना माहिती कोण सांगणार, हे सगळं पोरांवर सोपवा. जमलं तर आधी एखाद्या रविवारी त्यांना येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्या. बुरूज पायानं चढलेल्या पोराला तो मातीत बरोबर करता येतो.

शिवजयंतीचे चित्ररथ ही तर बेळगावची ओळख. जिवंत देखाव्यासाठी महिनाभर तालमी लागतात, कपडे लागतात, दिवे लागतात, संवाद पाठ करावे लागतात. रोज रात्री आठला तालमीला यायचंच, एक जण आला नाही तर प्रसंग उभा राहत नाही, ही शिस्त मुलाला कुठलंही अ‍ॅप शिकवू शकत नाही. गणेशोत्सवात वर्गणीचं एक पावती पुस्तक आणि त्याचा हिशेब चौदा वर्षांच्या मुलाकडे द्या. विसर्जनानंतर सभेत तो हिशेब त्यानंच वाचून दाखवायचा. पैशाचा घोळ होईल अशी भीती वाटत असेल, तर बरोबर एक मोठा माणूस ठेवा, पण पुस्तक त्याच्या हातात राहू द्या.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, निपाणीकडे कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गाव वर्गणी काढतं, ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांना घरोघरी जेवण मिळतं. एवढ्या छोट्या गावांनी चालवलेली ही परंपरा फार मोलाची आहे. तिथंही मुलं बहुतेक वेळा प्रेक्षकच असतात. फोन त्यांच्या हातात आहेच, तर तो कामाला लावा. संमेलनाचं पान चालवणं, पाहुण्यांच्या मुलाखती घेणं, गावातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवणं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. अशा संस्थांनीही आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्णपणे मुलांच्या हाती द्यावी.

मुलींना कट्टा कुठं आहे?

आतापर्यंत लिहिलेलं बरंचसं मुलांना सोपं जातं. त्यांना चौक आहे, तालीम आहे, मंडळाचा मांडव आहे, रात्री दहाला घरी आलं तरी चालतं. मुलीला संध्याकाळी सातनंतर बाहेर थांबायला जागा नाही. तिचा कट्टा म्हणजे फोनच. आणि तोही पुष्कळदा तिचा नसतो. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये सुमारे २० टक्क्यांकडे. उरलेल्या मुली आईच्या किंवा भावाच्या फोनवरून, चोरून, घाईत बोलतात. चोरून बोलणारी मुलगी अडचणीत आली तर सांगायला येत नाही.

तेव्हा मुलीचा फोन बंद करण्यापूर्वी तिला भेटायला जागा द्या. शनिवारी दुपारी दोन तास शाळेचं मैदान फक्त मुलींच्या कबड्डीला, खो-खोला. महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मुलींच्या हाती एक कार्यक्रम. किल्ला आणि चित्ररथ यांत त्या आधीपासून, नुसती रांगोळी काढायला नाहीत. घरी सोडायची जबाबदारी दोन घरांनी वाटून घ्यावी. मुलींनी घरी थांबायचं आणि फोनही घ्यायचा नाही, हा नियम म्हणजे एकांतवासाची शिक्षा आहे.

तापलेल्या तारखा आधीच ओळखा

आपल्या भागात काही दिवशी फोन तापतो, हे कॅलेंडरवर आधीच दिसतं. १७ जानेवारी, सीमालढ्याचा हुतात्मा दिन. १ जून, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मरण. १ नोव्हेंबर, जेव्हा एकाच वर्गातला एक मुलगा कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो आणि दुसरा मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत. आणि डिसेंबर, अधिवेशनाचे दिवस.

मुलानं सीमाप्रश्नावर मत ठेवू नये, असं कुणी म्हणू नये. भाषेचा अभिमान हा त्याचा हक्क आहे. पण तो त्याला कुठून मिळतो, हे बघा. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग आणि त्याचा पुढच्या वर्षीचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, एवढं तरी तुम्ही घरी बसून सांगा. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर त्याला स्वतः घेऊन जा. ज्याला इतिहास आजोबांकडून कळला, तो वीस सेकंदांच्या रीलवर रात्री चौकात धावत जात नाही. आणि त्याच आठवड्यात त्याच्या कन्नड मित्राला घरी जेवायला बोलवा. दोन्ही गोष्टी एकाच घरात होऊ शकतात. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत.

या दिवसांसाठी मुलाला तीन साधे नियम द्या. व्हिडिओ कुठला आणि कधीचा, हे कळल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही. रात्री दहानंतर कुठल्याही भांडणाच्या पोस्टवर काही लिहायचं नाही, सकाळी वाटलं तर बघू. आणि ‘चला, सगळे या’ असा मेसेज आला, तर आधी घरी दाखवायचा.

कायदाही सांगून ठेवा. भाषा, धर्म, जात किंवा जन्मस्थान यांवरून तेढ वाढवणारा मजकूर टाकला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, पण त्या खेपा आई-वडिलांनाच घालाव्या लागतात. फोन मुलाचा असला तरी सिमकार्ड बहुधा तुमच्या नावावर असतं, हेही विसरू नका.

बिघडलं तर

कुणी फोटोवरून धमकावत असेल, पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नका आणि चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, खातं ब्लॉक करून तक्रार करा आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० या क्रमांकावर कळवा. मुलांच्या कुठल्याही संकटात १०९८. मूल गप्प झालं, जेवण-झोप सुटली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ वर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही, आणि पैसे लागत नाहीत. सर्वांत आधी मुलाला एक वाक्य सांगा: ‘झालं ते झालं, आता मी आहे.’ चौकशी आणि रागावणं उद्या.

शेवटी कार्यकर्त्यांना आणि पालकांना एक विनंती. पुढच्या सणाची पहिली बैठक होईल तेव्हा गल्लीतल्या बारा ते अठरा वयाच्या सगळ्या मुलामुलींची नावं कागदावर लिहा, आणि प्रत्येक नावापुढं एक काम लिहा. ज्याच्या नावापुढं काम सुचणार नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोघांनी जाऊन यावं.